सातभाई गप्प झाले तेव्हा

मागीलदारी चुलीसाठी लाकडं काढायला वाकले, तोच कण्हेरीवरचे सातभाई कर्कश ओरडू लागले. बुलबुल धावून आले, खार शेपटी झटकत चिरकू लागली. सगळ्यांच्या नजरा माझ्या हातापुढच्या ढिगावर.

"हात काढ गो! जनावर असेल आत," सासूबाई दारातून ओरडल्या. आमच्याकडे सापाला जनावरच म्हणतात, आणि पाखरांचा कानोसा घेतल्याशिवाय लाकडांना हात लावत नाहीत.

खरं तर पाखरं मला सांगतच नव्हती. ती एकमेकांना सावध करत होती. त्यांच्या भीतीवर आम्ही फुकट जगतो.

तेवढ्यात अंगणावरून शिकऱ्याची सावली सरकली. क्षणात सगळी पानांत दडली, गप्प झाली. त्यांचं भय आता आभाळात होतं.

माझं अजून जमिनीवरच होतं, अनवाणी पायांपाशी कुठेतरी, आणि ते कुठे सरकलंय हे सांगायला कोणीच उरलं नव्हतं.