किड्याला जमलं ते

मुलीच्या प्रयोगशाळेत काल सूक्ष्मदर्शकाखाली एक किडा पाहिला. स्वल्पविरामाएवढा, पारदर्शक. "आई, याचा मज्जातंतू आम्ही परवा लेझरने तोडला होता," ती म्हणाली. "बघ, दोन्ही टोकं पुन्हा एकजीव झालीत." मला कौतुक वाटायला हवं होतं. चक्क राग आला.

गेल्या वर्षी विळीवर फणस चिरताना माझं बोट कापलं. डॉक्टरांनी तुटलेला मज्जातंतू शिवला, जखम भरली, पण बोटाचं टोक अजून बधिरच आहे. "धीर धरा," एवढंच ऐकते आहे. मोदकाची पारी किती पातळ झाली, ते हेच बोट सांगायचं. यंदा कळ्या फाटत राहिल्या, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "राहू दे गं, मी साचा आणलाय."

मुलगी सांगते, मी आईच्या पोटात असताना माझ्याही पेशी अशाच एकमेकींत मिसळून त्यांचे स्नायू झाले, म्हणे. तेव्हा कुणी न शिकवता जमलं. मग आता कुठे गेली ती अक्कल?

निघताना मुलीने माझं तेच बोट हातात घेतलं. ती दाबते आहे की नुसतं गोंजारते आहे, ते मला खाली बघून ठरवावं लागलं.