गाईची पोळी

परदेशातल्या नावन गावात आमच्या घराच्या कुंपणाला लागूनच एक शेत आहे. झाडांची रांग, मग ओट्सचा पट्टा, पुन्हा झाडं आणि मधल्या गवतात चरणारी गुरं. शेतकरी एकदा कुंपणाशी थांबला आणि त्याने सगळं गणित सांगितलं. झाडांचं उत्पन्न यायला त्याचं आयुष्य जाणार, ओट्स जेमतेम खर्च भरून काढतात, गुरं सावकाश वाढतात. तरी चालतं, कारण हवामानाची हानी न करता वाढवलेलं मांस म्हणून एक खाटीक चढा भाव देतो. अट एवढीच, की बाहेरचा घासही जनावराच्या पोटात जाता कामा नये.

"भाव गेला की झाडं तोडायची," तो हसत म्हणाला. मला ते हसणं आवडलं नाही.

मग नागपूरहून आई आली. पहिली पोळी गाईची, हा तिचा नेम. कुंपणाशी रोज येणारी एक कालवड तिने हेरली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली.

"दूध किती देईल वं ही?"

"अजून लहान आहे," मी म्हणाले. मला अट माहीत होती, तरी मूग गिळून बसले. महिनाभरात आईला पहिल्यांदाच कोणीतरी भेटलं होतं, आणि मी पक्की भित्री.

एका सकाळी शेतकरी दारात उभा. हातात तुपाची अर्धी पोळी, चेहऱ्यावर हसू नाही. गुरुवारी खाटकाकडून तपासणी होती.

"कोणाकोणाला घातली?"

माहीत नाही म्हटलं असतं तर सगळा कळपच संशयात आला असता. "एकीलाच," मी म्हणाले. "कपाळावर ठिपका आहे ती."

"ग्रँड." ठीक आहे म्हणायची ही इथली रीत. त्याने तिच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर टिपून घेतला. आता तिला कळपातून काढून साध्या भावात कत्तलखान्याला द्यायचं होतं. दुपारी ट्रक आला. आई तेव्हा झोपली होती. मी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी आई कुंपणाशी उभी. "काहून वं, आपली नाही आली आज?" तेवढ्यात दुसरीच कालवड मान लांब करून पुढे आली आणि आईने हात पुढे केला. मी धावत जाऊन पोळी हिसकावून घेतली आणि सगळं खरं सांगून टाकलं. मांसासाठीच वाढवतात, हेही.

आईने पुढे केलेला हात मागे घेतला.

"ती तशीही जाणारच होती, आई."

"पण काल त नव्हती जाणार ना?"