नणंदेच्या अभ्यासाचा विषय

आमच्या चिखलीत माझ्या धाकट्या नणंदेइतकं शिकलेलं माणूस सहजी सापडणार नाही, आणि आपल्या शिक्षणापायी घरच्यांना इतकं अवघडून टाकणारं माणूस तर अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडणार नाही. तिच्याबरोबर लग्नाला जायचं म्हटलं की मी न जाण्याची निमित्तं शोधायला लागते. बाजारात जायचं असेल तर मी मुद्दाम चार पावलं मागे राहते, म्हणजे वेळ आलीच तर ओळख नसल्यासारखं दाखवून गल्लीत वळता येतं. पण ती कसली सोडते! भर रस्त्यात मागे वळून, हात उंच करून ओरडते, "वहिनी, मागं काऊन राह्यलीस? गुडघे दुखतात का? चढताना की उतरताना?" मग भाजीवाले, रिक्षावाले आणि माझ्या वर्गातल्या मुलांचे पालक, सगळे मिळून माझ्या गुडघ्यांकडे बघतात.

तिची डिग्री नेमकी कोणती, हे लोकांना समजावता समजावता आम्ही थकलो. ती एमबीबीएस झाली तेव्हा सोपं होतं, पेढे वाटले की काम भागलं. पुढे पुण्याला बाळंतपण आणि स्त्रीरोगाच्या शिक्षणासाठी जागा मिळाली, तेव्हाही पेढे वाटले. आणि मग एके दिवशी हिने घरी येऊन सांगितलं की हे शिक्षण थोडं थांबवून ती मधेच एक संशोधनाची मास्टर्स डिग्री करणार आहे. माझ्या नवऱ्याने काळजीने विचारलं, "म्हणजे तू पुढं गेलीस की मागं?" ही शांतपणे म्हणाली, "बाजूला गेले, दादा." आता बाजूला जाण्याचे पेढे कसे वाटायचे? तिचे देऊळगाव राजाचे मामा आले, तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "पास झाली न बाई तू? मंग पुन्हा हे मास्टर कायची?"

"मामा, डॉक्टर पेशंटले उत्तर देते. मी प्रश्न कसा विचाराचा ते शिकून राह्यली."

"प्रश्न तं आमच्यापाशीबी आहे. लग्न कवा करशीन?"

दुसरी एखादी मुलगी लाजली असती किंवा चिडून आत गेली असती. हिने खुर्ची पुढे ओढली आणि मामांना विचारलं, की हा प्रश्न तुम्ही मुलांनाही विचारता की फक्त मुलींना, विचारताना तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचं असतं, आणि समोरच्याने उत्तर दिलं नाही तर तुम्हाला कसं वाटतं. मामा चहा अर्धा टाकून उठले. मी त्यांच्यासाठी केलेली पुरणपोळी आम्हीच खाल्ली.

संशोधनाचा विषय मला कळला तो रात्रीच्या जेवणाच्या वेळी. मी वरण वाढत होते, म्हणून सहज विचारलं. तिनेही सहजच सांगितलं, "बाळंतपणानंतर कित्येक बायकांची लघवी सांडते ना वहिनी, त्यावर." नवऱ्याचा घास हातातच राहिला. माझ्या सासूबाई ताटावरून उठल्या. "जेवाच्या ताटावर हे बोलणं?" म्हणत त्या हात धुवायला गेल्या.

"आई, पुण्याला आम्ही सगळे डॉक्टर बसून हेच बोलतो. तिथं कोणी उठून जात नाही."

"तिथं ताट नसते," सासूबाई आतून म्हणाल्या.

हा विषय पुण्यातच उरकला असता तर माझी तक्रार नव्हती. पण हिचं म्हणणं असं, की बायका हे परक्या माणसाला सांगत नाहीत, आपल्या भागातल्या मुलीला कदाचित सांगतील. म्हणून अभ्यासासाठी तिने आमचा तालुका निवडला, आणि राहायला अर्थातच आमचं घर. माझ्या शिवणाच्या मशीनवर तिचे कागद आले. माझ्या डब्यांवर तिची पुस्तकं आली. ती फोनवर बोलत बोलत गॅसपाशी उभी राही आणि दूध तिच्या डोळ्यांदेखत उतू जाई. एकदा ती एका पायात स्वतःची आणि एका पायात माझी चप्पल घालून खेड्यावर गेली, आणि मी उरलेल्या दोन घालून शाळेत गेले.

तिचे प्रश्न पुण्याच्या कमिटीने मंजूर केलेले होते. संशोधनात कोणाला त्रास होऊ नये, हे बघायला अशी कमिटी असते म्हणे, आणि तिने मंजूर केलेला एक शब्दही परस्पर बदलता येत नाही. पहिल्यांदा ती मला सोबत घेऊन अमडापूरच्या बाजारात गेली. एक तरुण बाई मांडीवर तान्हं घेऊन वांगी विकत होती. नणंदेने आधी आपली ओळख सांगितली, अभ्यासाची माहिती दिली, परवानगी घेतली. इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग तिने विचारलं, "आपणास मूत्रविसर्जनावरील अनैच्छिक नियंत्रणाभाव जाणवतो का?"

त्या बाईने खूप विचार केला. मग शेजारच्या मिरचीवालीला विचारलं, "आपल्याकडं तो आला का व?"

मिरचीवाली म्हणाली, "नाही बाई, अजून तं नाही आला. तिकडं जालन्याकडं आला असंन."

परतताना मी म्हटलं, "अगं, सरळ विचार ना. खोकलताना, शिंकताना, हसताना, वजन उचलताना कपडे ओले होतात का?" ती रस्त्यातच थांबली. मी काही फार थोर बोलले अशातला भाग नव्हता. इतिहास शिकवणारी बाई आहे मी, कोणतीही बाई हेच बोलली असती. पण तिने तिथूनच आपल्या मार्गदर्शक मॅडमना फोन लावला. नवे शब्द कमिटीकडे जाऊन मंजूर होऊन येईपर्यंत मग तिचा सराव माझ्यावर सुरू झाला. मी कणीक मळत असताना, वेणी घालत असताना, वह्या तपासत असताना. "वहिनी, हा प्रश्न ऐकून तुला अवघडल्यासारखं वाटलं का? थोडं, बरंच की खूप?" मला खूप वाटत असे. ती लिहून घेत असे.

कहर झाला तो देऊळगाव राजाला नात्यातल्या एका लग्नात. मंडपामागे आचाऱ्याने मिरचीची फोडणी दिली आणि सगळ्यांना ठसका लागला. नवरदेवाची मावशी सटासट शिंकली आणि एकदम गुडघे जुळवून होती तिथेच खाली बसली. माझ्या नणंदेने ते मंडपाच्या दुसऱ्या टोकावरून पाहिलं. हातात ताट घेऊन ती धावत निघाली आणि अर्ध्या वाटेवरूनच म्हणाली, "मावशी, आत्ता थोडं सांडलं न?" बँडवाल्यांनी नेमका त्याच घटकेला दम खायला बँड थांबवला होता. मावशींनी तिच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं, जणू मी हिला आहेरात आणलं होतं. आम्ही न जेवताच बस पकडली. बसमध्ये ती म्हणाली, "वहिनी, चिडलीस का?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "चिडलीस की तुझा आवाज बारीक होतो." मी पुढे घर येईपर्यंत बोलले नाही.

आणि पुढच्याच आठवड्यात त्याच मावशी आमच्या दारात उभ्या! चिखलीत काही खरेदी होती म्हणे. पदर डोक्यावर ओढून, इकडेतिकडे बघत त्यांनी मला विचारलं, "ते पोट्टी हाये का घरी?" मी नणंदेला हाक मारली, दोघी आतल्या खोलीत गेल्या आणि दार लागलं. त्या मावशींनी पुढे कोणाकोणाला सांगितलं कोण जाणे, पण त्यानंतर आमच्या मागच्या दाराला बायका लागल्या. तिच्या अभ्यासात फक्त नुकत्याच बाळंत झालेल्या बायका बसत होत्या. पण आमच्या घरात सगळ्याच येऊन बसू लागल्या, आणि चहा करायला मी होतेच. ती त्यांना खालचे स्नायू आवळून धरायचा आणि सोडायचा व्यायाम शिकवायची. एकदा नवरा कामावरून लवकर आला, तर आतून आवाज येत होता, "धर... धर... धर... आता सोड." तो मुकाट्याने चपला घालून परत बाहेर गेला. हा व्यायाम म्हणे बसल्या बसल्या करता येतो आणि कोणाला कळतही नाही. तेव्हापासून बस स्टँडवर एखादी बाई गप्प बसलेली दिसली की मला उगीचच शंका येते.

तिच्या मॅडमनी फोनवर तिला झापलंसुद्धा. तू तिथे संशोधनाला गेली आहेस, दवाखाना उघडायला नाही. ही म्हणाली, "मॅडम, पण विचारायचं आणि तसंच उठून यायचं का?" मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. पहिल्यांदाच मला तिचं बोलणं बरं वाटलं, आणि तेवढ्यात पाहिलं तर दूध उतू गेलं होतं.

या सगळ्या काळात सासूबाई पुढच्या खोलीत जपमाळ घेऊन बसायच्या. बायका आल्या की त्या मधलं दार लावून घ्यायच्या. लेकीशी त्या जेवणखाणापुरतंच बोलायच्या.

अभ्यास पुरा झाला, प्रबंध लिहून झाला, पुण्याला पदवीदानाचा समारंभ ठरला. एका दुपारी सासूबाई तुरीची डाळ निवडत होत्या. नणंद त्यांच्यासमोर जाऊन बसली. "आई, समारंभाला तू यायचं."

"तुहा दादा येईन, वहिनी येईन. मी घर पाहातो."

"डॉक्टर झाली तवाबी तू घरच पाह्यलं. शाळेत पहिली आली तवाबी." रागावली की तिची उरलीसुरली पुण्याची भाषा गळून पडते. "माह्या शिकण्याचा तुले एवढा कायचा राग हाये?"

सासूबाईंचा हात सुपात फिरत राहिला. मग खाली बघूनच त्या म्हणाल्या, "बस कुठं थांबते व मधात? पुण्यापर्यंत कशी बसू मी?"

"म्हणजे?" नणंद म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. गावोगावच्या बायकांना तिने जो प्रश्न विचारला होता, तो तिला आपल्या आईला विचारता येईना. तिने एवढंच विचारलं, "कवापासून?"

"तू झाली तवापासून."

मी दारातच उभी राहिले. सासूबाई कधी लांबच्या लग्नाला जात नसत, दुसऱ्याच्या गादीवर बसत नसत, स्वतःची लुगडी स्वतःच धूत आणि कोणाला हात लावू देत नसत. आम्ही सगळे त्याला त्यांचं सोवळं समजत होतो. हिच्या वेळेला त्या खूप अडल्या होत्या आणि मूल दणदणीत होतं, एवढं मी ऐकलं होतं. पण ते घरात कौतुकाने सांगितलं जाई.

"मंग सांगतलं काऊन नाही, आई? मी डॉक्टर झाली तरी?"

"तुले सांगतलं असतं तं तुले वाटलं असतं, मायले हे माह्यामुळं झालं. पोरीच्या जिवाले कायले लावाचं?"

 नणंदेने आईच्या हातातलं सूप ओढून घेतलं आणि स्वतः डाळ निवडायला लागली. तिला ते कधीच जमलेलं नाही. खडे सुपात राहत होते आणि चांगली डाळ बाहेर पडत होती. सासूबाईंनी तिला ती पडू दिली.

समारंभाला ती गेलीच नाही. त्या दिवशी तिने घरी बसून आईबरोबर ठेचा-भाकरी खाल्ली, आणि पदवी नंतर पोस्टाने आली. नातेवाइकांना हे समजावून सांगणं पुन्हा माझ्याच गळ्यात आलं. पुढे बुलढाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे सासूबाईंना नेलं. "तपासताना तू नको," असं त्यांनी लेकीला बजावलं, म्हणून नणंदबाई बाहेरच्या बाकावर नखं खात बसली. मग व्यायाम सुरू झाले. सासूबाईंनी ते आपल्या जपमाळेवर बसवले, एका मण्याला धर, पुढच्याला सोड. मी म्हटलं, "आई, देवाला चालतं का हे?" त्या म्हणाल्या, "हे शरीर त्यानंच केलं न? मंग त्याले न चालाले काय झालं?" व्यायामाने बराच फरक पडला. उरलेलं नंतर एका छोट्या ऑपरेशनने झालं.

नणंद आपल्या अर्धवट राहिलेल्या शिक्षणाकडे पुण्याला परत गेली. शिवणाचं मशीन मोकळं झालं, दूध भांड्यात राहू लागलं. बायका अजूनही मागच्या दाराने येतात आणि "डॉक्टरीण कवा येते?" विचारतात. येईल म्हणावं तर खोटं ठरतं, म्हणून मी त्यांना आत घेते, चहा ठेवते आणि मला जेवढं माहीत झालंय तेवढं सांगून बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता देते.

परवा मी सासूबाईंना त्यांच्या बहिणीकडे जळगाव जामोदला घेऊन गेले. खामगावला बस बदलली. त्या खिडकीशी बसल्या होत्या आणि सातपुडा दिसायला लागल्यापासून मला एकेक गाव ओळखून सांगत होत्या. दोघी बहिणी ओसरीवर बसल्या, लहानपणीच्या कुठल्याशा फजितीची गोष्ट निघाली आणि सासूबाई हसायला लागल्या. पदर तोंडाला न लावता, मान मागे टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतकी वर्षं मी त्यांच्या घरात आहे, पण त्यांच्या हसण्याचा आवाज असा आहे हे मला माहीतच नव्हतं. मी घाईघाईने फोन काढला आणि पुण्याला लावला. ती बहुतेक कोणाच्या तरी बाळंतपणात अडकली असावी. रिंग जात राहिली, मी फोन ओसरीच्या दिशेने तसाच धरून ठेवला, आणि त्या दोघी हसतच होत्या.