लंगडायचं नाही

आमच्या कुरुळीच्या घरात दुखणं बाहेर सांगायची पद्धतच नव्हती. बाबा चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर प्रेस मशीन चालवायचे. तिथे कुणाला लागलं की ठेकेदार गोड आवाजात म्हणायचा, "बरा हो, मग ये." माणूस बरा होऊन यायचा तेव्हा त्याच्या मशीनवर दुसराच उभा असायचा. म्हणून बाबांचं बोट चेपलं तेव्हा त्यांनी चिंधी गुंडाळली, वर हातमोजा चढवला आणि शिफ्ट पुरी केली. कुणाला पत्ता लागू दिला नाही. घरी मात्र तो किस्सा आल्यागेल्याला रंगवून सांगायचे. मला लहानपणी तो पराक्रम वाटायचा.

पुढे मी फुटबॉलमध्ये फॉरवर्ड झाले, आणि बाहेरगावच्या एका मोठ्या क्लबने माझ्याशी एका हंगामाचा करार केला. बाबांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"म्हंजी तू बी कंत्राटीच की गं!"

मी हसले. हसायला नको होतं.

चौथ्या सामन्यात वळताना डाव्या गुडघ्यात कट्कन आवाज झाला. क्लबच्या फिजिओ बाई बॅग घेऊन धावत आल्या. "लागलं का?"

"काही नाही, पाय मुरगळला," म्हणत मी उठले आणि सामना पुरा खेळले. खोलीवर येऊन दार लावलं, बर्फ धरला. दुसऱ्या दिवशी गुडघ्याला घट्ट पट्टी आवळली आणि त्यावर लांब मोजे ओढले. पाच आठवडे हेच चाललं. जिना उतरायचा तो आजूबाजूला कुणी नसताना. खरं फक्त बाबांना सांगितलं होतं. ते फोनवर रोज विचारायचे, "त्यांच्या म्होरं लंगडत न्हाईस ना?"

"नाही."

"शाब्बास."

सहाव्या आठवड्यात मी गोलपुढे मोकळी होते, समोर एकटी गोलकीपर. डावा पाय टेकला आणि गुडघा जागचा सरकला. मी अशी किंचाळले की सगळ्या मैदानाने ऐकलं.

रिपोर्ट बघून फिजिओ बाईंनी तो माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "हे जुनं आहे. तेव्हा लिगामेंट अर्धवटच फाटलं होतं. पहिल्या दिवशी बोलली असतीस तर दोन-तीन महिन्यांत तुला परत उतरवलं असतं. उपचार क्लब करणार, जागा राहणार, असं करारात लिहिलंय. वाचलं नव्हतंस?"

वाचलं होतं. पण लिहिलेलं कुणी पाळतं, हे आमच्या घरात कधी कुणी पाहिलं नव्हतं.

दोन ऑपरेशनं झाली आणि मी कुरुळीला घरी परतले. आता डॉक्टर म्हणतात, चालायचं, धावायचं नाही. सकाळी जाग येते तेव्हा क्षणभर हे आठवत नाही. मग आठवतं, आणि ओरडावंसं वाटतं. राग येतो तो ठेकेदाराचा, बाबांचा, सगळ्यात जास्त माझा.

काल शेजारचे काका माझी चौकशी करायला आले होते. बाबांनी आपलं वाकडं बोट त्यांच्यापुढे धरलं, मग माझ्या गुडघ्याकडे दाखवलं.

"पाच आठवडे कुणाला कळू दिलं न्हाई पोरीनं. माझीच हाय ती!"

किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा फुललेला पाहिला. फिजिओ बाई काय म्हणाल्या, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.