पुढचे दोन टायर

माझ्याबद्दलचं सगळं आपल्याला माहीत आहे, अशी माझ्या बायकोची ठाम समजूत आहे. एवढी एक गोष्ट तिलाही माहीत नाही. भावाला नाही, गॅरेजमध्ये माझ्याबरोबर राबणाऱ्यांना नाही — नऊ वर्षं झाली, कुणालाच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर हे तोंडातून बाहेर पडत नाही. दोनदा प्रयत्न करून पाहिलाय.

कोथरूडला माझं गॅरेज आहे. मोहनराव गाडी कानाने ओळखतात, असं लोक म्हणतात. गाडी फाटकातून आत येईपर्यंत मी सांगतो, बेअरिंग गेलंय की सायलेन्सर सुटलाय. आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघतं. पण बहुतेक वेळा बरोबर निघणाऱ्या माणसाला एक वाईट खोड लागते. उरलेल्या वेळी आपण चुकलो, हे त्याला म्हणताच येत नाही. दारावर मी पाटीच लावली होती — 'गाडीला काय झालं आहे ते आम्ही सांगू. आपण फक्त किल्ली द्यावी.' लोक हसायचे, फोटो काढायचे. मलाही तिचं फार कौतुक होतं.

पेंडसे मॅडम मात्र ती पाटी वाचून हसल्या नव्हत्या. "अहो मोहनराव, काय दुखतंय ते पेशंटने सांगायचंच नाही का?" असं त्यांनी विचारलं होतं. मी विषय बदलला होता.

मॅडम वाघोलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. कोथरूड ते वाघोली म्हणजे रोज सगळं पुणं ओलांडायचं, जाताना आणि येताना. त्यांच्याकडे एक जुनी स्टेशन वॅगन होती — लांब पाठीची, इंजिनाची ताकद चारही चाकांना जाणारी. अशा गाड्या आपल्याकडे फार नव्हत्याच. साहेबांचा, म्हणजे त्यांच्या यजमानांचा, विरोध असताना मॅडमनी स्वतःच्या पगारातून ती सेकंडहँड घेतली होती. सुट्टीच्या दिवशी चार-पाच विद्यार्थिनींना घेऊन त्या ताम्हिणीकडे नाहीतर भोरकडे जायच्या, झाडं बघायला. एकदा चिखलात रुतलेली कुणाची तरी जीप त्यांनी दोर बांधून बाहेर काढली होती. ते सांगताना त्यांचा चेहरा बघायला हवा होता. मी तरी तो विसरलेलो नाही.

तर — टायर. मॅडमना चारही टायर बदलायचे होते. मी म्हणालो, कशाला? पुढचे दोन टाका, मागचे अजून वर्षभर जातील. गिऱ्हाइकाचा खर्च वाचवला की गिऱ्हाईक आपलं होतं, हे मी वडिलांकडून शिकलोय. साध्या गाडीत हा सल्ला चालून गेला असता. या गाडीत तो चुकीचा होता, आणि तसं गाडीच्या पुस्तकात छापलेलं होतं. पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं. मी ते कधी उघडलं नव्हतं. कानाने ओळखणाऱ्याला पुस्तक कशाला लागतंय?

पंधरा दिवसांनी मॅडम गाडी घेऊन आल्या. सरळ रस्त्यावर गाडी छान चालते, पण पूर्ण स्टिअरिंग फिरवून वळवली की अडते, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. लांबून चालवून आणली की जास्त. एकदा सिग्नलला वळताना मधोमध बंद पडली आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून त्यांना रडकुंडीला आणलं. हे सगळं त्या नीट सांगत होत्या. मी मान डोलावत होतो — आणि ऐकत नव्हतो. जाताना त्या म्हणाल्या, "मी सगळं लिहूनही ठेवलंय. सीटवर कागद आहे, बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांचा फोन आला. साहेब बँकेत अधिकारी होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. नमस्कार-चमत्कार नाही, थेट विचारलं, "मोहनराव, दोष गाडीत आहे, की बाईसाहेबांच्या पायात?"

मी तोवर गाडी नुसती अंगणात मागे-पुढे केली होती. क्लच जळल्याचा थोडा वास येत होता. गाडी अडायला लागली की कुणाच्याही हातून क्लच जास्त वापरला जातो, हे मला कळायला हवं होतं. पण साहेबांनी प्रश्न असा विचारला होता की उत्तर त्यातच तयार होतं. मी म्हणालो, "क्लचवर पाय ठेवून चालवतात हो. वळताना घाबरतात. मग गाडी अडणारच."

साहेब हसले. "म्हणजे नाचता येईना," म्हणाले.

"अंगण वाकडं," मी म्हणालो. आणि आम्ही दोघंही हसलो.

एवढंच असतं तर मी ते तुम्हाला सांगत बसलो नसतो. घाईत माणूस चुकीचं बोलतो. पुढचं सांगायचंय. — सांगतो.

फोन ठेवला आणि सीटवरचा कागद हातात घेतला. सुवाच्य अक्षर, प्रत्येक ओळीपुढे वार आणि वेळ. बाई झाडांच्या नोंदी ठेवायच्या तशा गाडीच्या ठेवल्या होत्या. पहिलीच ओळ अशी होती — 'पुढचे टायर बदलल्यापासून चौथ्या दिवशी प्रथम जाणवले.' मी ती ओळ तीनदा वाचली.

गाडी मागच्या मैदानात नेली. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवून हळूहळू गोल फेऱ्या मारल्या. पाचव्या-सहाव्या फेरीला गाडीने अंग आखडलं. क्लचवर माझा पाय नव्हता. तरीही ती अडली, थरथरली, टायर जमिनीवर खरडले. परत आणून लिफ्टवर चढवली. पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारा मधला भाग असतो, त्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग सुतळी घेतली. पुढच्या टायरभोवती गुंडाळून गाठ मारली, तीच मागच्या टायरभोवती धरली. गाठ दोन बोटं पुढे गेली. नवा टायर मोठा, झिजलेला लहान. चारही चाकं एकमेकांना बांधलेली असताना पुढची आणि मागची वेगवेगळ्या गतीने फिरत होती. तो फरक मधल्या भागाने सतत सोसायचा, तापायचा, आणि शेवटी आखडून बसायचा. वळताना गाडी अडायची ती त्यामुळे.

म्हणजे बिघाड मी केला होता. मॅडमनी तो कागदावर मांडून दिला होता. आणि मी त्यांच्या नवऱ्याबरोबर त्यांना हसलो होतो.

फोन खिशातच होता. साहेब, माझी चूक झाली, टायर मी चुकीचे घातले — एवढं बोलायला किती वेळ लागतो? मी नंबरही काढला. लावला नाही. का नाही लावला? नऊ वर्षं शोधतोय, काहीतरी बरं कारण सापडेल म्हणून. साहेबांच्या नजरेत मी उस्ताद होतो आणि मला तसंच राहायचं होतं. त्यापलीकडे काही सापडत नाही.

मागचे दोन टायर नवे घातले. त्यांचे पैसे लावले नाहीत. तेवढ्याने फिटलं असं तेव्हा वाटलं, आता त्याची लाज वाटते. गाडी मैदानात पुन्हा फिरवली, लोण्यासारखी वळली. मॅडमचा कागद चुरगळून जळक्या ऑइलच्या डब्यात टाकला. साहेबांना सांगितलं, क्लच ॲडजस्ट केलाय.

गाडी न्यायला दोघं आले. साहेबांनी फाटकापाशी ऐटीत पूर्ण वळण घेतलं आणि खिडकीतून म्हणाले, "बघ, माझ्या हातात कशी शहाण्यासारखी वळते." मॅडम बाहेर उभ्या होत्या. माझ्याजवळ आल्या. आवाज अगदी हळू.

"मोहनराव, खरंच माझ्या चालवण्यामुळे होत होतं? मी लिहिलेलं वाचलंत ना तुम्ही?"

खरं सांगायला बाईंनी मला दार उघडून दिलं होतं. आणखी काय करायला हवं होतं त्यांनी?

मी म्हणालो, "वाचलं ना मॅडम. होतं असं. पायाला सवय लागते, आपल्याला कळत नाही."

फोनवर मी चुकीचं बोललो होतो. हे मात्र मी जाणूनबुजून, त्यांच्या डोळ्यांत बघून बोललो. त्यांनी स्वतःच्या डाव्या पायाकडे पाहिलं. मग "बरं," म्हणाल्या आणि पलीकडच्या बाजूने गाडीत जाऊन बसल्या.

पुढचं मला साहेबांकडून तुकड्यातुकड्याने कळत गेलं, प्रत्येक सर्व्हिसिंगला. सुरुवातीला मॅडम चालवायच्या आणि साहेब शेजारी बसून त्यांच्या पायावर लक्ष ठेवायचे. एकदा पार्किंगमध्ये मॅडमच्या हातून गाडीचा आरसा खांबाला घासला. आधी कधी झालं नव्हतं तसं. सारखं पायाकडे बघत कुणाला गाडी चालवता येईल? मग त्यांनी सोडूनच दिलं. दोन बस बदलून वाघोलीला जायला लागल्या. ताम्हिणी बंद झालं, साहेबांना झाडांत रस नव्हता. निवृत्तीला तीन वर्षं असताना नोकरीही सोडली, प्रवास झेपत नाही म्हणून. साहेब हे सगळं गमतीने सांगायचे. "पण गाडी बघा, तेव्हापासून एकदाही अडली नाही," असं वर म्हणायचे. गाडी न अडण्याचा प्रत्येक दिवस मॅडमच्या विरुद्ध पुरावा होत गेला. तो पुरावा मी माझ्या हाताने, चार नट आवळून तयार केला होता.

पाटी मी त्याच वर्षी काढली. लोकांनी विचारलं तर गंजली म्हणून सांगितलं. गंजली नव्हती.

मागच्या महिन्यात मॅडम आल्या, एकट्या, रिक्षाने. साहेबांना आता दिसत नाही फारसं, गाडी विकायची आहे, गिऱ्हाईक बघाल का, म्हणाल्या. किल्ली माझ्या हातात दिली. केस पूर्ण पांढरे झालेत त्यांचे. मी म्हणालो, "विकताय कशाला मॅडम, तुम्हीच चालवा की." हे बोलताना माझा आवाज कसा निघाला असेल, मला माहीत नाही. आता पुढचं विचारतील, आता मी सांगेन, असं मनात चाललं होतं.

त्या हसल्या. "नको हो. मला जमतच नाही ते, तुम्हीच तर सांगितलं होतंत. एका अर्थी बरं झालं, मोहनराव, स्पष्ट बोललात ते. माझ्या हातून कुणाला लागलं असतं तर जन्मभर मनाला खात राहिलं असतं."

मी त्यांचे आभार ऐकून घेतले. मान डोलावली. रिक्षावाला थांबला होता, त्याला हात केला. त्यांना बसवून दिलं, "जपून जा," म्हणालो.

गाडी अजून गॅरेजमध्येच उभी आहे. आतून झाडपाल्याचा जुना वास येतो. मागच्या सीटखाली एक वाळलेलं पान सापडलं, ते मी तिथेच राहू दिलं. रोज सकाळी ती सुरू करतो, मैदानात नेतो आणि पूर्ण वळण घेऊन पाहतो. अडत नाही.

मॅडमचं घर माझ्या गॅरेजपासून तिसऱ्या गल्लीत आहे. चालत सात मिनिटं लागतात. त्या घरीच असतात. मी गेलेलो नाही.