नरहरीमामांची माप-वही

मेटगळ्ळीच्या आमच्या कंपनीचा शेअर आठवडाभरात चारशे दहावरून दीडशेवर आला, तेव्हा टीव्हीवरचे तज्ज्ञ डॉलरपासून मंदीपर्यंत सगळ्यांना दोष देत होते. खरं कारण कुवेंपुनगरातल्या एका शिंप्याच्या वहीत होतं. तो शिंपी म्हणजे नरहरीमामा.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. आईचे ब्लाउज शिवायचे, म्हणून मामा. नवं काम आलं की ते वहीत तारीख, नाव, माप लिहायचे आणि कापडाचा तुकडा टाचून ठेवायचे. २०१४ साली, नोकरी लागायच्या आधी, मी त्यांच्याकडे एक बंडी घेऊन गेले. हृदयाचे ठोके मोजणारी तार तिच्यात बसवायची होती. पुढे कंपनीत लागल्यावर ती बंडी मी मोठ्या हौसेने साहेबांना दाखवली. तीन वर्षांत मला काढून टाकलं आणि पेटंट घेतलं त्याच साहेबांच्या, प्राणेशसाहेबांच्या, नावावर. मी कोर्टात गेले. पुरावा एकच, मामांच्या वहीतलं पान.

अडचण अशी, की मामांचं निम्मं काम कंपनीच्या गणवेशांचं. प्राणेश स्वतः दुकानात येऊन गोड बोलून गेला, जुन्या वह्यांना वाळवी लागते म्हणे. मालतीमामी मला म्हणाल्या, "हे कुणाला नाही म्हणत नाहीत ग. मला भय वाटतंय." मी मुळातच चिडकी. मामांनी काही करायच्या आतच मनातून त्यांच्यावर रागावून बसले.

मामा कोर्टात वही घेऊन आले. पान निघालं, तारेसकट तुकडा निघाला. मग कंपनीच्या वकिलाने विचारलं, "तार आत शिवायची युक्ती कुणाची?"

"माझी," मामा म्हणाले. "टोचत होती. पायजम्याच्या नाडीला नेफा करतो, तसा केला."

वकील खुशीत म्हणाला, "म्हणजे शोध या बाईंचा नाही."

"नेफा सगळेच शिंपी करतात, साहेब. त्यातून काय ओवायचं, ते हिने सांगितलं."

पेटंट रद्द झालं. चोरलेल्या शोधाचा माल नको म्हणून इस्पितळांनी बंड्यांची मोठी ऑर्डर मागे घेतली, कंपनीकडे विकायला दुसरं काही नव्हतं, आणि शेअर गडगडला. आमच्या गल्लीत निम्म्या घरांनी तो घेतला होता. त्यांनी मामांकडे कपडे टाकणं बंद केलं. गणवेशही गेले. हे सगळं होणार, हे मामांना आधीच ठाऊक होतं.

मी उपकारांचं बोलायला गेले, तर म्हणाले, "सुम्मने, उगाच काहीतरी बोलू नको. तारीख होती, दाखवली. अष्टे, एवढंच."

घरी येऊन मी माझ्या नावाच्या पेटंटचा, आधीच लिहून ठेवलेला अर्ज काढला. बत्तीस पानं. त्यात नेफ्याचं वर्णन, नेफ्याची आकृती, आणि मामांचं नाव कुठेच नाही. माझं नाव खाल्लं म्हणून तीन वर्षं मी गाव डोक्यावर घेतलं होतं. त्यांचं नाव मी मुद्दाम गाळलं नव्हतं, मला ते सुचलंच नव्हतं. त्याचीच जास्त लाज वाटली.

नवा अर्ज दोघांच्या नावाने केला आणि सहीसाठी दुकानात नेला. या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत, ते फिटायचे नाहीत, आणि फिटावेत असं मला वाटतही नाही. मामांनी चष्मा लावून आपलं नाव दोनदा वाचलं. मग मामींना आतून बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि त्यांनाही वाचून दाखवलं. सही करायच्या आधी त्यांनी वहीत घालत तशी तारीख घातली.