पोळ्याला रुतलेल्या दोन विलायती मोटारी

आमच्या गावच्या पाटलांकडे दोन विलायती मोटारी होत्या. दोन्ही बिनटपाच्या, दोन्हींत जागा दोनच माणसांची. तिसऱ्याला जागाच नाही अशी गाडी कोण बनवतं आणि कोण घेतं, हे कळायला मला पुस्तक वाचावं लागलं नाही.

थोरली इंग्रजांच्या अमदानीतली. तारांच्या आऱ्यांची उंच चाकं, बॉनेटवर चामड्याचा पट्टा, आणि हॅन्डल मारल्याशिवाय जागी न होणारी. ते हॅन्डल माझा बाप मारायचा. तो पाटलांचा सालगडी. धाकटी पाटलांच्या पोरानं नागपूरहून आणलेली, अलीकडची. किल्ली फिरवली की सुरू, दाराला वर-खाली होणारी काच, पोट जमिनीला टेकलेलं. बापलेकांना दुसरा विषय नव्हता.

"माही घोडी हाय," पाटील म्हणत. "तुही म्हैस, डबक्यात बसलेली."

"बाबा, तुमच्या घोडीले उठवाले माणूस लागते."

तालुक्याला, मालेगावच्या दवाखान्यात जायला गावातल्या बाया एस.टी.ची वाट बघत उन्हात ताटकळत, आणि इकडे हा वाद.

त्या पोळ्याला तोरण तुटलं, बैल घरोघर पूजेला गेले, आणि पाटलांना हुक्की आली. पांदणीनं, म्हणजे शेताच्या गाडीवाटेनं, मळ्यापर्यंत जो आधी पोचेल त्याची मोटार खरी. श्रावण सरता-सरताची काळी माती. धाकटी पहिल्याच वळणावर पोटावर बसली. थोरली तिला वळसा घालून दिमाखात पुढं गेली आणि आऱ्यांपर्यंत रुतली. दोन जमान्यांच्या दोन मोटारी, पण चिखलानं भेद पाळला नाही. गावापेक्षा चिखल बरा.

आता ओढायचं कोणी? पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवणं पाप. पाटील धर्माचे पक्के. त्यांनी आमच्या बौद्ध वस्तीत निरोप धाडला : माणसं या, दोर घेऊन या.

बाप आला, दोर घेऊनच आला. मागं आम्ही पाच-सहा जण. सगळे बापाकडं बघत होते, कारण साल अर्ध्यावर होतं आणि आमच्या घरची चूल त्या सालावर होती.

"पाह्यत काय राह्यला? लाव खांदा," पाटील म्हणाले.

बापानं दोर नीट गुंडाळला आणि धाकटीच्या बॉनेटवर ठेवला. "मालक, आज बैलाले सुट्टी हाय ना?"

"हाय. मंग?"

"तं आजच्या दिस मले बी बैल समजा."

कोणी हसलं नाही. पाटलांचं पोरगं तेवढं खाली बघून बूट पुसू लागलं.

"उद्यापासून माह्या बांधावर पाय ठेवू नको," पाटील म्हणाले.

"बरं," बाप म्हणाला, आणि आम्ही परतलो.

रात्रभर दोन्ही मोटारींत पाऊस साचला. सकाळी, बापानंच वाढवलेली पाटलांची जोडी पांदणीत जुंपली गेली. बाप सडकेच्या कडेला उकिडवा बसून बघत होता. शिंगांचा रंग अजून ओला होता.

"त्याइची सुट्टी सरली," तो मला म्हणाला. "माही चालू हाय."

मग उठून कामाच्या शोधात किन्हीराजा गावाच्या वाटेला लागला.